अस्क्लेपिओस अथेन्सला आला, त्याचा दाखला

ग्रीक देवांमध्ये मला सर्वांत जवळचा वाटतो तो अस्क्लेपिओस, आजार बरे करणारा देव. त्याचं एक कारण अगदी अभ्यासकाच्या स्वार्थाचं आहे. झ्यूस, अथीना, अपोलो हे एखाद्या नगरात केव्हा आले, कुणी आणले, हे विचारायची सोय नाही. ते कायमचेच तिथे असतात, निदान त्यांचे भक्त तसं मानतात. अस्क्लेपिओस मात्र अथेन्सला कोणत्या वर्षी आला, कोणत्या बंदरात उतरला, पहिला मुक्काम कुठे पडला, जागेवरून कुणाशी वाद झाला आणि आवारात झाडं कुणाच्या पैशाने लागली, हे सारं दगडावर कोरलेलं आहे. तो दगड फुटला आहे, पण बोलतो.

आधी देवाची ओळख. होमरच्या ‘इलियड’मध्ये अस्क्लेपिओस देव नाही. थेसलीतल्या त्रिका या गावाकडचा तो एक निष्णात वैद्य. त्याचे दोन मुलगे, माखाओन आणि पोदालेइरिओस, तीस जहाजं घेऊन ट्रॉयच्या युद्धाला आलेले आहेत. पुढे इ.स.पू. पाचव्या शतकात पिंडार कथा सांगतो ती अशी : अपोलो आणि कोरोनिस यांचा हा मुलगा, कायरॉन या अश्वमानवाकडे वैद्यक शिकला, धनाच्या मोहाने एका मेलेल्या माणसाला परत आणलं, आणि झ्यूसने वीज टाकून त्याला मारलं. म्हणजे कथेप्रमाणे हा मर्त्यच. पण त्याच शतकात पेलोपोनीजमधल्या एपिडॉरस इथे त्याचं मोठं देवस्थान उभं राहत होतं. रोग्यांनी रात्री देवळाच्या आवारात झोपायचं, स्वप्नात देव येणार, तपासणार, कधी शस्त्रक्रियाही करणार आणि सकाळी रोगी बरा होऊन निघणार, अशी तिथली रीत. एपिडॉरसहून हा देव इतर गावांत गेला, तसा अथेन्सलाही आला.

अथेन्समधलं त्याचं ठाणं अक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर, डायोनायससच्या नाट्यगृहाला लागून वरच्या बाजूला आहे. अथेन्सच्या पुरातत्त्व मंडळाने १८७६–७७ मध्ये स्तेफानोस कुमानुदिस यांच्या देखरेखीखाली इथे खोदकाम केलं, तेव्हा देवळाचा पाया, स्तंभमंडप, झरा आणि शेकडो लेख हाती आले. आपल्या कामाचा लेख त्यांतलाच; पण तो एकसंध सापडलेला नाही. त्याचे तुकडे अथेन्स, लंडन आणि इटलीतल्या संग्रहालयांत विखुरले होते, आणि कोणता तुकडा कशाचा हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. इटालियन पुरातत्त्वज्ञ लुइजी बेस्की यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस हे तुकडे एकमेकांशी जुळवले आणि एक उंच खांब, त्यावर दोन्ही बाजूंनी कोरलेला पट, असं स्मारक कागदावर उभं केलं. पटाच्या एका अंगाला देवळाच्या आतला देखावा, दुसऱ्या अंगाला बाहेरचा दरवाजा. खाली खांबावर मजकूर. अक्षराचं वळण आणि कोरीव काम पाहता हे स्मारक इ.स.पू. ४००च्या सुमाराचं, म्हणजे देव अथेन्सला आल्यानंतर साधारण वीस वर्षांचं आहे.

मजकुराची सुरुवातच सांगते की हा कुणाचा दावा आहे. तेलेमाखोस या माणसाने अस्क्लेपिओस, आरोग्यदेवी हायजिया आणि अस्क्लेपिओसची मुलं-मुली यांच्यासाठी हे देवस्थान आणि ही वेदी स्थापन केली, आणि ती त्याने ‘सर्वांत पहिल्यांदा’ केली. हा ‘पहिल्यांदा’ मला महत्त्वाचा वाटतो. ज्याच्याबद्दल कुणाला शंका नाही त्याला दगडावर पहिलेपणा कोरून घ्यावा लागत नाही. तेव्हा पुढचं सगळं वाचताना ही एका पक्षाची बाजू आहे, एवढं लक्षात ठेवायला हवं.

त्यापुढचा भाग असा : मोठ्या गूढविधींच्या वेळी देव झेया बंदरातून वर आला. त्याला एल्युसिनिओनमध्ये ठेवण्यात आलं. मग तेलेमाखोसने देवाच्या मूळ ठिकाणाहून काही मागवून घेतलं आणि त्याला रथातून इथे आणलं. बरोबर हायजियाही आली. अशा रीतीने हे सारं देवस्थान वसलं, तेव्हा आर्खोन होता अस्तिफिलोस.

अथेन्समध्ये वर्षाला त्या वर्षीच्या आर्खोनचं, म्हणजे मुख्य अधिकाऱ्याचं, नाव देत, म्हणून वर्ष पक्कं ठरतं : इ.स.पू. ४२०–४१९. हे वर्ष उन्हाळ्याच्या मध्यापासून मोजलं जाई. मोठे गूढविधी म्हणजे एल्युसिसच्या देमेतरचे विधी. ते बोएद्रोमिओन महिन्यात, आपल्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला होत. म्हणजे देव आला तो इ.स.पू. ४२०च्या शरदात. झेया हे पिरेयस इथलं बंदर, आणि एल्युसिनिओन हे त्याच गूढविधींचं अथेन्स शहरातलं देऊळ. नव्या देवाला थेट स्वतःची जागा मिळाली नाही. गावातल्या जुन्या आणि प्रतिष्ठित देवीच्या घरी तो पाहुणा राहिला. या मुक्कामाला दुसऱ्या बाजूनेही पुष्टी मिळते. पॉसेनिअस हा इ.स. दुसऱ्या शतकातला प्रवासी लिहितो की गूढविधींमधल्या एका दिवसाला अथेन्सचे लोक ‘एपिडॉरिया’ म्हणतात. इ.स. तिसऱ्या शतकातला फिलोस्ट्रेटस त्याचं कारणही देतो : अस्क्लेपिओस एपिडॉरसहून उशिरा पोहोचला, म्हणून त्याच्यासाठी दीक्षेचा विधी पुन्हा केला गेला. सहाशे वर्षांनंतरही उत्सवाच्या वेळापत्रकात त्या उशिराची जागा राखून ठेवलेली होती. दगड आणि ग्रंथ इतके चोख जुळतात, असे प्रसंग ग्रीक धर्माच्या इतिहासात थोडे.

आता ‘काही मागवून घेतलं’ असं मी मोघम लिहिलं, ते मुद्दाम. नेमक्या त्या जागी दगड तुटला आहे. जुन्या वाचकांनी तिथे ‘सर्प’ हा शब्द भरला, आणि त्याला आधारही आहे : सर्प हे अस्क्लेपिओसचं रूप. रोमन परंपरेत तर इ.स.पू. २९१ मध्ये रोमचं शिष्टमंडळ एपिडॉरसहून सर्पच घेऊन आलं आणि तायबर नदीतल्या बेटावर देऊळ झालं, असं सांगितलं आहे. पण काही अभ्यासक त्याच खाचेत ‘सेवक’ वाचतात. म्हणजे देवाची पूजा जाणणारे लोक एपिडॉरसहून बोलावले, असा अर्थ होतो. अथेन्सच्या रस्त्यावरून रथात बसून चाललेला सर्प अनेक पुस्तकांत आला आहे. चित्र सुंदर आहे, पण तो सर्प आधुनिक संपादकांनी चौकटी कंसात भरलेला आहे, दगडावरचा नव्हे. मी तरी त्याला दाखल्यात धरणार नाही.

लेखाचा पुढचा भाग या सगळ्याला जमिनीवर आणतो. पुढच्या वर्षी, आर्खेआसच्या आर्खोनपदाच्या काळात, केरिकेस घराण्याने जागेवर हक्क सांगितला आणि काही कामं अडवली. केरिकेस म्हणजे कुणी साधेसुधे शेजारी नव्हेत. एल्युसिसच्या गूढविधींचे ते पिढीजात मानकरी. म्हणजे ज्यांच्या देवीच्या देवळात अस्क्लेपिओस पाहुणा म्हणून उतरला, त्यांनीच वर्षभरात त्याच्या जागेला हरकत घेतली.

हरकत कशावरून घेतली, ते तेलेमाखोस सांगत नाही. पण स्मारकाचा पट आणि दुसरा एक शिलालेख एकत्र ठेवले की अंदाज बांधता येतो. पटाच्या बाहेरच्या अंगाला लाकडी दरवाजाजवळ झाडावर करकोचा बसलेला दाखवला आहे. अक्रोपोलिसच्या पायथ्याच्या एका प्राचीन पट्ट्याला ‘पेलार्गिकोन’ म्हणत, आणि करकोच्याला ग्रीकमध्ये ‘पेलार्गोस’. करकोचा हा जागेचा पत्ता आहे, असं बेस्की यांचं म्हणणं, आणि ते पटण्यासारखं आहे. या पट्ट्याबद्दल अथेन्सचे लोक फार हळवे होते. थ्युसिडिडीज लिहितो की ही जागा रिकामी राहिलेलीच बरी, अशी एक देववाणी होती. तरी स्पार्टाविरुद्धच्या युद्धात खेड्यांतून लोंढे आले तेव्हा लोक तिथे राहिले. एल्युसिसच्या देवीला पहिलं धान्य वाहण्याबद्दलचा एक ठराव दगडावर आहे. त्याला लाम्पोन नावाच्या माणसाने दुरुस्ती सुचवली. तीत म्हटलं आहे की राजा-आर्खोनने पेलार्गिकोनमधल्या देवस्थानांच्या सीमा आखाव्यात, यापुढे नगरसभा आणि लोकसभा यांच्या परवानगीशिवाय तिथे वेदी उभारू नये, तिथले दगड फोडू नयेत, माती नेऊ नये. मोडेल त्याला पाचशे ड्राख्मांचा दंड. एल्युसिसच्या कारभाराशी निगडित ठरावातच ही अट यावी आणि एल्युसिसच्याच मानकऱ्यांनी तेलेमाखोसला अडवावं, यात मला सरळ संबंध दिसतो. ठरावाचं नेमकं वर्ष वादग्रस्त असल्यामुळे आधी ठराव की आधी वेदी, हे सांगता येत नाही. पण वाद देवाच्या खरेपणाचा नव्हता, जागेच्या हद्दीचा होता, एवढं निश्चित.

तेलेमाखोस हटला नाही. पुढच्या काही ओळी फुटल्या आहेत, तरी वर्षांची नावं आणि कामं दिसतात. आवाराची भिंत. इ.स.पू. ४१४–४१३ मध्ये लाकडी दरवाजाची दुरुस्ती आणि उरलेल्या पूजास्थानांची स्थापना. आणि क्लेओक्रितोसच्या वर्षी, म्हणजे ४१३–४१२ मध्ये, आवारात झाडं लावली. सारं आवार सजवलं, तेही स्वखर्चाने.

ते वर्ष जरा थांबून पाहावं असं आहे. इ.स.पू. ४१३च्या सप्टेंबरात सिसिलीला गेलेलं अथेन्सचं सारं आरमार आणि सैन्य बुडालं. शहरात क्वचितच एखादं घर असेल ज्यातलं कुणी गेलं नसेल. त्या वर्षाच्या खाती तेलेमाखोसने काय लिहिलं, तर झाडं लावली. दगडावर युद्धाचं नावही नाही. इतिहासकार ज्या वर्षाला विनाशाचं वर्ष म्हणतात, त्याच वर्षी डोंगराच्या उतारावर कुणीतरी रोपांना पाणी घालत होतं, हे केवळ या लेखामुळे कळतं.

देव नेमका इ.स.पू. ४२० मध्येच का आला? ठरलेलं उत्तर म्हणजे साथ. इ.स.पू. ४३० मध्ये अथेन्सला भयंकर साथ आली, ४२९ मध्ये पेरिक्लीज गेला, ४२७–४२६च्या हिवाळ्यात साथ पुन्हा उसळली. थ्युसिडिडीज स्वतः त्या आजारातून उठला होता. तो लिहितो की देवळांतल्या प्रार्थनांचा काही उपयोग झाला नाही आणि शेवटी लोकांनी त्याही सोडल्या. पण साथ संपल्यावर पाच-सहा वर्षांनी देव यावा, याचा खुलासा साथ करत नाही. त्यासाठी नकाशा पाहावा लागतो. एपिडॉरस हे स्पार्टाच्या बाजूचं नगर. ४३० मध्ये पेरिक्लीजच्याच आरमाराने त्यावर हल्ला केला होता. युद्ध चालू असताना शत्रूच्या गावचा देव आणणार कसा? ४२१ मध्ये स्पार्टाशी निकियासचा तह झाला, समुद्रमार्ग मोकळा झाला, आणि पुढच्याच वर्षी शरदात देव झेया बंदरात उतरला. अमेरिकन अभ्यासक ब्रॉनवेन विकायझर तर याहून पुढे जाऊन म्हणतात की एपिडॉरसशी नातं जोडण्यात अथेन्सचं राजकारणही होतं. हे म्हणणं पूर्णपणे स्वीकारावं असं मला वाटत नाही, कारण ४१९ मध्ये अर्गोस एपिडॉरसवर चालून गेलं तेव्हा अथेन्स अर्गोसच्या बाजूला होतं. पण तहाशिवाय देव आला नसता, हे मात्र मान्य करावं लागतं. साथीने गरज निर्माण केली, तहाने वाट दिली.

आता सोफोक्लीज. लोकप्रिय पुस्तकांत हा प्रसंग बहुतेक वेळा असा येतो : अस्क्लेपिओसला अथेन्समध्ये जागा नव्हती, तेव्हा नाटककार सोफोक्लीजने त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं, म्हणून मरणानंतर लोकांनी सोफोक्लीजला ‘देक्सिओन’ म्हणजे ‘स्वागत करणारा’ या नावाने वीरपूजा दिली. इ.स.पू. ४२० मध्ये सोफोक्लीज पंचाहत्तरीला आलेला, मान्यवर, धर्मनिष्ठ. कथा त्याला शोभते. पण तिचे साक्षीदार तपासले तर काय दिसतं? देवाने सोफोक्लीजचा पाहुणचार घेतला, असं प्लुटार्क ओझरतं लिहितो. तो त्या घटनेनंतर पाचशे वर्षांनी. देक्सिओन नावाची हकिकत येते ती एका बायझंटाइन शब्दकोशात, बाराव्या शतकातल्या. अक्रोपोलिसच्या पश्चिमेला १८९०च्या दशकात विल्हेल्म ड्योर्पफेल्ड यांनी अमिनोस या स्थानिक आरोग्यवीराचं छोटं देवस्थान उकरलं, तेव्हा इ.स.पू. चौथ्या शतकातला एक ठराव मिळाला : अमिनोस, अस्क्लेपिओस आणि देक्सिओन यांच्या भक्तमंडळाने दोन माणसांचा सन्मान केला आणि ठरावाची एक प्रत देक्सिओनच्या देवस्थानात लावायचं ठरवलं. म्हणजे देक्सिओन खराच पुजला जात होता. पण तो सोफोक्लीज होता, असं त्या ठरावात कुठेही नाही. १९९८ मध्ये अँड्र्यू कॉनली यांनी याच मुद्द्यावर ही सारी परंपरा संशयास्पद ठरवली, आणि त्यांचा युक्तिवाद मला भक्कम वाटतो.

सोफोक्लीजचा अस्क्लेपिओसशी संबंधच नव्हता, असं मात्र नाही. त्याने या देवासाठी स्तोत्र रचलं होतं, आणि ते शतकानुशतकं गायलं गेलं. रोमन काळात अथेन्समध्ये ते दगडावर कोरलं गेलं. त्याचे तुकडे सापडले आहेत. याचा एक उल्लेख तर भारताच्या संदर्भात आहे. तोच फिलोस्ट्रेटस, अपोलोनिअस या साधूचं चरित्र लिहिताना, त्याला भारतातल्या ब्राह्मण ज्ञान्यांकडे नेतो आणि म्हणतो की त्यांनी गायलेलं स्तोत्र अथेन्समध्ये अस्क्लेपिओसपुढे गातात त्या सोफोक्लीजच्या स्तोत्रासारखं होतं. भारताचं वर्णन म्हणून हा मजकूर विश्वसनीय नाही. पण अथेन्समधल्या रिवाजाचा पुरावा म्हणून तो चांगला आहे, कारण तुलना करताना लेखक वाचकांना ठाऊक असलेली गोष्टच घेतो. माझा कयास असा की स्तोत्र खरं, आणि स्तोत्रकाराने देवाचं स्वागत गाण्यात केलं, त्याचं पुढे घरातलं स्वागत झालं. प्रसिद्ध माणसाभोवती कथा अशाच जमतात. तेलेमाखोसभोवती जमल्या नाहीत, कारण तो प्रसिद्ध नव्हता. त्याने आपला पुरावा स्वतः कोरून ठेवला.

या देवाशी माणसं कशी वागत, हेही दगडांवरच आहे. पिरेयसच्या एका लेखात देवापुढे जाण्याआधी काय वाहायचं ते दिलं आहे : मालेआतास या देवाला तीन वड्या, अपोलोला तीन, हर्मीसला तीन, इआसो, अकेसो, पानाकेया या अस्क्लेपिओसच्या मुलींना तीन-तीन, आणि मग कुत्र्यांना तीन, कुत्रे सांभाळणाऱ्या शिकाऱ्यांनाही तीन. एपिडॉरसच्या दगडांवर, जे १८८०च्या दशकात पानागिओतिस काव्वादियास यांच्या उत्खननात मिळाले, सुमारे सत्तर रोग्यांच्या हकिकती आहेत. त्यांतली युफानेस या मुलाची मला फार आवडते. त्याला मुतखडा होता. स्वप्नात देवाने विचारलं, तुला बरं केलं तर मला काय देशील? मुलगा म्हणाला, दहा गोट्या. त्या काळी मुलं मेंढ्यांच्या घोट्याच्या हाडांनी खेळत, तशा. देव हसला आणि म्हणाला, बरं करतो. सकाळी मुलगा बरा होऊन बाहेर पडला. ही हकिकत देवस्थानाने स्वतःच्या माहात्म्यासाठी कोरली आहे, वैद्यकीय नोंद म्हणून ती चालणार नाही. पण लहान मुलाची लाच हसून घेणारा देव कोरावासा वाटला, यावरून त्या भक्तांना कसा देव हवा होता ते कळतं.

अथेन्समध्ये काही पिढ्यांत देवस्थान नगराच्या ताब्यात गेलं, पुजारी वर्षावर्षाला चिठ्ठी टाकून निवडला जाऊ लागला, आणि आलेल्या वस्तूंच्या याद्या दगडावर ठेवल्या जाऊ लागल्या. सारा अ‍ॅलेशायर यांनी या याद्यांचा १९८९ मध्ये सविस्तर अभ्यास छापला. यादीत देणाऱ्याचं नाव आणि वस्तू : डोळे, पाय, हात, छाती, दागिने, नाणी. शरीराच्या अवयवांत सर्वांत जास्त संख्या डोळ्यांची. आपल्याकडे नवस फेडताना देवीला चांदीचे डोळे वाहतात, ते पाहिलेल्या माणसाला या याद्या समजावून सांगाव्या लागत नाहीत. साठलेलं धातुकाम पुढे वितळवून देवाची भांडी केली जात, पण वितळवण्यापूर्वी कुणाचं काय होतं ते लिहून ठेवलं जाई. ज्यांच्याबद्दल दुसरं काहीही उरलेलं नाही अशा कितीतरी बायकांची नावं केवळ त्या नोंदीमुळे आपल्यापर्यंत आली. इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या आणखी एका ठरावावरून दिसतं की नगराच्या नोकरीतले वैद्य वर्षातून दोनदा स्वतःसाठी आणि आपल्या रोग्यांसाठी अस्क्लेपिओस आणि हायजिया यांना बळी देत, आणि ही रीत जुनी मानली जाई. वैद्य आणि देव यांच्यात तेव्हा स्पर्धा नव्हती.

शेवटचा साक्षीदार इ.स. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला. तत्त्वज्ञ प्रोक्लुसचं चरित्र त्याचा शिष्य मारिनुस याने लिहिलं. अस्क्लेपिगेनेया ही मुलगी गंभीर आजारी पडली, वैद्यांनी हात टेकले, तेव्हा प्रोक्लुस तिच्यासाठी प्रार्थना करायला याच देवळात गेला. तेव्हा देऊळ अजून लुटलं गेलं नव्हतं, असं मारिनुस नोंदवतो. मुलगी बरी झाली, असंही तो लिहितो. त्यानंतर देऊळ पाडलं गेलं आणि त्याच जागेवर, त्याच दगडांतून, ख्रिस्ती चर्च उभं राहिलं.

तेलेमाखोसच्या वेदीपासून प्रोक्लुसच्या प्रार्थनेपर्यंत जवळजवळ नऊशे वर्षं होतात. हा सारा व्यवहार ज्याच्या खर्चाने आणि चिकाटीने सुरू झाला, त्याचं नाव बहुतेक सामान्य पुस्तकांत येत नाही आणि सोफोक्लीजचं येतं. उपलब्ध पुराव्यांवरून निकाल द्यायचा, तर अथेन्सला अस्क्लेपिओस आणला तो तेलेमाखोसने. सोफोक्लीजने त्याच्यासाठी गाणं रचलं. हा प्रसंग लिहिणाऱ्याने दोघांनाही ज्याचं त्याचं श्रेय द्यावं.